व्हॅलेन्सियात नीट जेवायचं असेल तर आधी घड्याळ बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तुम्ही चौघं चार दिवस स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात आहात. तुम्ही नवराबायको सगळं खाता, सासरे मासे-कोंबडी खातात पण बीफ-पोर्क नको, आणि सासूबाई शाकाहारी, अंडं चालतं. खरी पाएया, म्हणजे रुंद उथळ पॅनमध्ये शिजवलेला इथला भात, कुठे मिळेल, रात्री साडेसातला जेवण होईल का, आणि सासूबाईंनी चार दिवस ब्रेड-सॅलडवर काढायचे का, हे तुम्हाला हवंय. मी इथे एका अरोसेरियात, म्हणजे मुख्यतः भाताचेच प्रकार करणाऱ्या रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात काम करते. त्यामुळे चुलीच्या बाजूने जे दिसतं ते सांगते.

आधी वेळेचं बोलू. पाहुण्यांचं जेवण फसतं ते चुकीच्या ठिकाणामुळे कमी आणि चुकीच्या वेळेमुळे जास्त. व्हॅलेन्सियात दिवसाचं मुख्य जेवण दुपारचं. स्वयंपाकघर साधारण दीडला सुरू होतं, इथली माणसं दोन-अडीचला टेबलावर बसतात आणि साडेतीन-पावणेचारनंतर भाताची नवी ऑर्डर कुणी घेत नाही. चार ते साडेआठ चांगल्या ठिकाणच्या चुली बंद असतात. रात्रीचं जेवण नऊच्या सुमारास, तेही हलकं. आता तुम्ही संध्याकाळी साडेसातला भूक लागली म्हणून जुन्या शहरात फिरायला लागलात, तर उघडं काय सापडणार? फक्त पर्यटकांसाठी दिवसभर चालणारी ठिकाणं. दारात उभा राहून हाका मारणारा माणूस, फुटपाथवर दहा प्रकारच्या पाएयांच्या फोटोंचा फलक, आणि आतून फ्रीझरमधून निघून दहा मिनिटांत टेबलावर येणारी एकेकट्याची ताटली. व्हॅलेन्सियाला जाऊन आलेले कितीतरी लोक "काही खास नव्हतं" म्हणतात, ते बहुधा हीच ताटली खाऊन.

म्हणून दिवस असा लावा: सकाळी दहाच्या सुमारास पोटभर, दुपारी अडीचला मुख्य जेवण, सहाला ओर्चाता (इथलं एक गार पेय) आणि काहीतरी गोड, रात्री नऊला दोन-तीन छोट्या डिश. सासू-सासऱ्यांना लवकर जेवून झोपायची सवय असेल तर सहाचं खाणं जरा भरभक्कम द्या आणि रात्रीचं सोडून द्या. दुपारी साडेतीनपर्यंत बसून जेवलेल्या माणसाला रात्री फारशी भूक राहत नाही.

आता पाएया. ही दुपारचीच. रात्री भात जड पडतो असं इथल्या माणसांचं ठाम मत आहे. आणि खरी वेळ रविवारची. कोल्हापूरकडे रविवारचं मटण जसं सगळ्या घराला एका जागी आणतं, तशी इथे रविवारची पाएया. आईच्या घरी, नाहीतर गावाबाहेरच्या शेतघरात, आणि पुष्कळदा चुलीशी घरातला पुरुष उभा असतो. 2021 साली व्हॅलेन्सियाच्या प्रादेशिक सरकारने पाएयाला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षण दिलं, तेही नुसत्या पाककृतीला नाही, या एकत्र बसून रांधण्या-खाण्याला.

तुम्ही "खरी" म्हणताय ती पाएया वालेन्सियाना. तिच्यात समुद्रातलं काहीही नसतं. भात, ऑलिव्ह तेल, मीठ, पाणी, कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, गार्रोफो नावाचे मोठे पांढरे दाणे (आपल्या बाजारातल्या डबल बीच्याच जातीचे), टोमॅटो आणि केशर, असे मूळ दहा जिन्नस. त्यावर गावागणिक थोडा फरक: कुणी गोगलगायी घालतं, कुणी बदक, थंडीत आर्टिचोक, शेवटी रोझमेरीची एखादी काडी, बहुतेक ठिकाणी थोडी पाप्रिका, म्हणजे सौम्य लाल मिरचीची पूड. कांदा नाही, कारण कांद्याने भात मऊ पडतो. चोरीझो हे डुकराचं सॉसेज तर नाहीच. किनाऱ्यावर कोळंबी-शिंपल्यांची पाएया होते आणि ती चांगलीच असते, पण कोंबडी आणि कोळंबी एकत्र घातलेली "मिक्स" पाएया इथलं कुणी मागवत नाही. सशाचं मन होत नसेल तर ही पाएया मागवूच नका. ससा काढून करा असं सांगितलं तर करून देणारे आहेत, पण रस्सा त्याच्यावरच उभा असतो.

चुलीवर काय चालतं ते थोडं सांगते, म्हणजे पैसे कशाचे देताय ते कळेल. रुंद, उथळ पसरट पॅन आधी पूर्ण सपाट पातळीत बसवायचं. जरा कललं तरी एका बाजूचा भात कच्चा आणि दुसरीकडचा लगदा. तेल तापलं की मांसाचे तुकडे मांडायचे आणि ते सावकाश, सगळ्या बाजूंनी, गडद तांबूस होईपर्यंत परतायचे. इथे घाई करणारा आचारी पुढे कशानेच भरून काढू शकत नाही. मग शेंगा आणि दाणे, मध्यभागी किसलेला टोमॅटो, तो आटला की पाप्रिका, आणि पाप्रिका पडल्या पडल्या पाणी, नाहीतर ती करपून कडू होते. मग अर्धा तास मंद उकळी. वेगळा रस्सा करून ओतत नाहीत. रस्सा त्याच पॅनमध्ये तयार होतो. त्यानंतर तांदूळ पेरायचा, एकदा सारखा पसरायचा, आणि पुन्हा चमचा लावायचा नाही. पहिली काही मिनिटं मोठा जाळ, मग उतरता. एकूण अठरा-वीस मिनिटं.

शेवटच्या दोन-तीन मिनिटांत मी घड्याळाकडे पाहत नाही, कान लावते. वर पाणी असेपर्यंत खदखद ऐकू येते. पाणी आटलं की ती थांबते आणि तळाशी बारीक तडतड सुरू होते. ती तेलाची तडतड. भात आता तळाला धरायला लागलेला असतो. चमच्याचं टोक हळूच तळाला टेकवून पाहायचं, अडतंय का. अडलं की उतरवायचं. हा जो तळाचा कुरकुरीत, सोनेरी-तपकिरी थर, त्याला सोकार्रात म्हणतात. आपण भाताची खरवड खरवडून खातो, तीच ही, फक्त इथे ती मुद्दाम आणि नेमकी धरलेली असते. काळी नाही, कडू तर अजिबात नाही. पॅन उतरवल्यावर पाच मिनिटं ते तसंच ठेवतात. लाकडावर करणाऱ्या ठिकाणी संत्र्याच्या झाडाचं लाकूड जळतं, कारण त्याचा जाळ जोरदार आणि धूर सुवासिक. भोवती संत्र्याच्या बागा आहेत, छाटणीचं लाकूड भरपूर.

तांदळाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा. मेनूवर "बोंबा" लिहिलेलं असेल तर ती जात चुका पोटात घालते. शिजून जास्त झाली तरी दाणा तुटत नाही, म्हणून रेस्टॉरंटना सोयीची आणि बाजारात महाग. सेनिया आणि बाईया या जातींत रश्शाची चव जास्त उतरते, पण एक मिनिट इकडचं तिकडे झालं की संपलं. हात बसलेला आचारी सेनिया वापरत असेल, तर मी तिथे आधी जाईन.

चांगलं ठिकाण ओळखायच्या खुणा सांगते. भात किमान दोन माणसांसाठी असतो आणि किंमत माणशी लिहिलेली असते, साधारण 15 ते 25 युरो. ऑर्डर दिल्यावर चाळीस मिनिटं ते तासभर थांबावं लागतं, आणि आधी फोनवर भात सांगून ठेवायला लावतात. पॅन टेबलावर येतं, आणि भाताचा थर पातळ, बोटाच्या पेरापेक्षाही कमी असतो. थर जाड दिसला तर तो वाफेत शिजलेला पुलाव आहे, पाएया नव्हे. रंगावर मात्र जाऊ नका. पिवळाधमक भात म्हणजे पर्यटकांची फसवणूक असं सरसकट सांगितलं जातं, पण इथल्या कितीतरी घरांतही केशरासोबत खायचा पिवळा रंग घालतात.

शहरात लाकडाच्या जाळावरची पाएया खायची असेल तर माल्वारोसा किनाऱ्याजवळचं कासा कार्मेला, 1922 पासूनचं. तिथे बरंच आधी बुकिंग लागतं. किनाऱ्यावरच 1898 पासूनचं ला पेपिका आहे, मोठं, जुन्या थाटाचं, समुद्राकडे तोंड करून बसता येतं. पण तुम्ही चार दिवस आहात आणि सप्टेंबर आहे, तेव्हा एक दुपार शहराबाहेर, आल्बुफेरा सरोवराकाठच्या एल पाल्मार गावात घालवा असं मी आग्रहाने सांगेन. त्याचं पुढे लिहिते.

पाएयापलीकडे भाताचे इतके प्रकार आहेत की पाहुण्यांनी तेवढ्यावरच थांबावं याचं मला वाईट वाटतं. तुमच्या सासऱ्यांसाठी सगळ्यात सोयीचा आर्रोस देल सेन्योरेत: कोळंबी, माकुळ, मासा, सगळं सोललेलं आणि काटे काढलेलं, माशांच्या दाट रश्शात शिजलेला पातळ थराचा भात. हात न माखता खाता येतो. आर्रोस आ बांदा त्याच घराण्यातला, कोळ्यांचा, जवळजवळ नुसत्या रश्शाच्या चवीवर उभा असलेला. माकुळाच्या शाईतला काळा भात आल्योलीबरोबर, म्हणजे लसूण-तेलाच्या दाट सॉसबरोबर. फिदेउआमध्ये तांदळाऐवजी शेवया. ती खालच्या किनाऱ्यावरच्या गांदियाची. आणि मला स्वतःला फार जवळचा आर्रोस आल ओर्नो, मातीच्या पसरट भांड्यात भट्टीत भाजलेला भात: छोले, बटाट्याच्या चकत्या, टोमॅटो, मधोमध अख्खा लसणीचा गड्डा, डुकराची बरगडी आणि मोर्सिया. पूर्वी आदल्या दिवशी उकडलेल्या मांस-भाज्यांचं उरलंसुरलं आणि त्यांचा रस्सा त्यात जायचा, आणि भांडं घरून उचलून बेकरीवाल्याच्या भट्टीत ठेवायला न्यायचे. मोर्सिया म्हणजे रक्ताचं सॉसेज, तेव्हा सासऱ्यांना हा चालणार नाही. तुम्ही दोघांनी कामाच्या दिवशी दुपारच्या ठरावीक मेनूत दिसला तर सोडू नका.

हा दुपारचा ठरावीक मेनू, मेनू देल दिया, सोमवार ते शुक्रवार असतो. सुरुवातीची डिश, मुख्य डिश, ब्रेड, पेय आणि गोड किंवा कॉफी, सगळं मिळून साधारण 13 ते 18 युरोत. आसपासच्या ऑफिसांतली माणसं जिथे जेवताना दिसतील तिथे बसा. बऱ्याच जागी गुरुवारी त्यात भात असतो.

आता सकाळ. व्हॅलेन्सियाची माझ्या मते सगळ्यात अस्सल जेवणाची वेळ दुपारची नाही, सकाळी साडेनऊ ते साडेअकराची आहे, आणि तिला एस्मोर्सारेत म्हणतात. शेतावर पहाटे लागलेल्या माणसांची ही न्याहारी. आज बांधकामावरचे मजूर, बँकेतले कारकून, सायकलवाले, निवृत्त मंडळी, सगळे तीच करतात. टेबलावर बसलात की आधी भाजलेले शेंगदाणे टरफलांसकट, ऑलिव्ह आणि लोणच्याच्या मिरच्या येतात. मग हाताएवढ्या लांब पावात भरलेलं काहीतरी गरम. पेय म्हणून बिअर किंवा सोडा घातलेली वाइन. सकाळी दहाला ते पाहून दचकू नका, पाणी मागितलं तरी कुणी नाक मुरडत नाही. सगळं मिळून माणशी सहा ते दहा युरो.

पावात काय आहे ते मात्र विचारून घ्या. "चिवितो"मध्ये डुकराचं मांस, बेकन, चीज आणि तळलेलं अंडं. "ब्रास्कादा"मध्ये बीफ आणि हॅम. "ब्लांक इ नेग्रे"मध्ये दोन्ही सॉसेज डुकराची. "काबाल्यो" म्हणजे घोड्याचं मांस, इथे ते आवडीने खातात. सासऱ्यांनी "सेपिया", म्हणजे तव्यावर परतलेल्या माकुळाचा पाव घ्यावा. वर लसूण-कोथिंबिरीऐवजी लसूण-पार्सलीचं वाटण असतं. आणि सासूबाईंची तर इथे चैन आहे, कारण तोर्तिया, म्हणजे अंड्याचं जाड ऑम्लेट, कितीतरी भाज्यांची मिळते: बटाटा-कांदा, वांगं, कोवळी लसणीची पात, पालक. काउंटरवर सात-आठ तोर्तिया ताटात मांडलेल्या असतात, बोट दाखवायचं. पाव मोठा असतो, "मेदियो" म्हटलं की अर्धा देतात.

शेवटी क्रेमाएत मागवा. काचेच्या लहान ग्लासात रम, साखर, लिंबाची साल, दालचिनीचा तुकडा आणि कॉफीचे दोन-चार दाणे घालून ते पेटवतात. निळसर ज्योत साखर विरघळेपर्यंत जळू देतात, मग विझवून वर हळूच एस्प्रेसो सोडतात. खाली मधाच्या रंगाचा थर, वर काळा, त्यावर फेस. ज्योतीने दारूचा काही जोर जातो पण सगळा नाही, तेव्हा औषधं चालू असलेल्यांनी जपून. काबान्याल या जुन्या कोळीवाड्यातली ला पास्कुआला यासाठी नावाजलेली आहे, रांग असते. पण एस्मोर्सारेतला नाव शोधत फिरायची गरज नाही. दहा वाजता जिथे आवाज जास्त आणि टेबलावर शेंगदाण्यांच्या टरफलांचे ढीग, ते ठिकाण चांगलं.

सासूबाईंचा मुख्य प्रश्न भाताचा आणि रश्शाचा. भाजीचा भात, आर्रोस दे वेर्दुरास, बहुतेक अरोसेरियांत मिळतो आणि चांगल्या हाताचा असेल तर कुठल्याही मांसाच्या भातापेक्षा कमी नसतो. सप्टेंबरात ताजे गार्रोफो, चपट्या शेंगा, वांगं, लाल ढोबळी मिरची, शेवटचे टोमॅटो, सगळं हाताशी असतं. पण भात भाजीचा असला तरी रस्सा कोंबडीचा किंवा माशाचा असू शकतो. स्वयंपाकघरात त्याची मोठी भांडी तयारच असतात. म्हणून "शाकाहारी" एवढं सांगून भागत नाही. हे वाक्य पाठ करा किंवा फोनवर लिहून दाखवा: "नो कोमे कार्ने नि पेस्कादो, नि कालदो दे कार्ने नि दे पेस्कादो." ती मांस-मासे खात नाही आणि त्यांचा रस्साही नाही. सॅलड मागवताना "सिन आतुन" म्हणा, कारण इथे सॅलडवर ट्यूना न विचारता पडतो. मटारावर, आर्टिचोकवर, अगदी पालकावरही हॅमचे बारीक तुकडे भुरभुरायची सवय आहे. त्याला "सिन हामोन". भाजलेल्या लाल मिरच्यांची एस्गार्राएत ही इथली फार सुंदर थंड डिश, पण तिच्यात खारवलेल्या कॉड माशाचे धागे असतात. माशाशिवाय नुसत्या मिरच्या आणि वांगी भाजून केलेलंही मिळतं, ते मागा. एकच तवा, एकच तेल ही गोष्ट मात्र टाळता येणार नाही. कोळंबी तळलेल्या तेलात बटाटे तळले जातात. त्याबाबत कडक असतील तर तळलेलं टाळा आणि भात, तोर्तिया, भाजलेल्या भाज्यांवर राहा.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. भात किमान दोघांचा असतो, म्हणून चौघांनी दोन पॅन मागवा: एक भाजीचा, सासूबाई आणि तुमच्यातलं एक जण, दुसरा सेन्योरेत, सासरे आणि उरलेलं एक. पाएया वालेन्सियाना तुम्ही दोघांनी वेगळ्या दुपारी खा. तिच्यात कधी डुकराची बरगडीही टाकतात, त्यामुळे सासरे बसणार असतील तर "यीएवा कोस्तिया?" एवढं विचारा.

एका सकाळी मेर्कादो सेंत्रालला जा, नऊच्या सुमारास. 1928 साली सुरू झालेली ही मंडई काच, लोखंड आणि रंगीत फरशांची आहे आणि समोरच युनेस्कोच्या यादीतली रेशीमबाजाराची जुनी इमारत, ला लोंखा. दुपारी तीनच्या सुमारास मंडई आवरते, रविवारी बंद. सोलून ठेवलेले गार्रोफो, जाळीतल्या जिवंत गोगलगायी, खारवलेल्या माशांची दुकानं, केशर, तांदळाच्या कापडी पिशव्या. पाएयाचं सगळं सामान एका फेरीत दिसतं. गुरुवार असेल तर तिथून बाराच्या आधी चालत कॅथेड्रलच्या अपोस्तल दारापाशी या. शहराभोवतीच्या शेतांना पाणी देणाऱ्या आठ कालव्यांचे शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी काळे अंगरखे घालून तिथे बसतात आणि पाण्याची भांडणं तोंडी ऐकून तिथल्या तिथे निकाल देतात. शतकानुशतकं चालत आलेलं हे पाणी न्यायालय 2009 पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशात आहे. बऱ्याचदा तक्रारच नसते आणि सगळं दोन मिनिटांत आटोपतं. तरी पाहा. शहराला लागून ताजी भाजी उगवते ती या कालव्यांमुळे.

त्याच शेतांत चुफा पिकते, आणि चुफाचं दूध म्हणजे ओर्चाता. चुफा ही लव्हाळ्याच्या कुळातल्या गवताची छोटी गाठ. ती भिजवून, वाटून, पिळून साखर घालून गार प्यायची. दुधाचा थेंबही नाही, सगळं वनस्पतीचंच, त्यामुळे सासूबाईंना निर्धास्त द्या. ताजी ओर्चाता त्याच दिवशी संपवायची असते. सुपरमार्केटच्या बाटलीतली पिऊन मत बनवू नका. सोबत फार्तोन, साखरेचा लेप दिलेली लांबट मऊ पावाची कांडी, ती ओर्चातात बुडवून खायची. जुन्या शहरात सांता कातालिना जुनं आणि देखण्या फरशांचं. वेळ असेल तर मेट्रो 3 ने आल्बोराया गावी जा, चुफाच्या शेतांच्या गावात. तिथलं दानिएल प्रसिद्ध आहे. उन्हात फिरून आल्यावर "ग्रानिसादा", बर्फाळ केलेली घ्या, आणि अर्धी साधी मिसळून.

आता एल पाल्मार. शहराच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर आल्बुफेरा सरोवर आहे, भोवती मैलोगणती भातखाचरं, 1986 पासून संरक्षित निसर्ग उद्यान. सप्टेंबर हा तिथे कापणीचा महिना. तुम्ही जाल तेव्हा काही खाचरं पिवळी उभी असतील, काहींत कापणी यंत्रं फिरत असतील. ज्या ताटात भात खाल तो कुठून आला हे समोर दिसतं, आणि कोकणातल्या माणसाला ते दृश्य ओळखीचंच वाटेल. शहरातून बस जाते. दुपारी जेवून संध्याकाळी सूर्य मावळताना होडीतून सरोवरात फेरी मारा.

तिथला खास पदार्थ ऑल इ पेब्रे: वामेसारख्या लांबट, गोड्या पाण्यातल्या ईल माशाचा लसूण, पाप्रिका, सुकी मिरची आणि बटाट्याचा लालभडक रस्सा. इथल्या जेवणात तिखट फार कमी. हा रस्सा अपवाद आहे आणि आपल्या जिभेला लगेच पटतो. पण एक बाजू सांगितली पाहिजे. युरोपीय ईल आज अतिसंकटग्रस्त जात आहे. सरोवरातली माशांची संख्या जुन्या कोळ्यांच्या डोळ्यांदेखत घटली. मी स्वतः आता वर्षातून एखाद्या वेळीच खाते आणि विचारते की संवर्धनातला आहे का. तुम्हीही विचारा, सगळ्यांमध्ये मिळून एक वाटी पुरे.

रात्रींबद्दल फार लिहायला नको. काबान्यालमधलं कासा मोंतान्या 1836 पासूनचं, वाइनची पिंपं, उभ्याने खायचा काउंटर, अँचोवी (छोटे खारवलेले मासे) आणि बीन्सची उसळ. त्याच वस्तीची तितायना ही टोमॅटो-ढोबळी मिरची-चिलगोज्यांची डिश चाखा. तिच्यात खारवलेला ट्यूना असतो. क्लोचिना नावाचे इथले छोटे शिंपले मे ते ऑगस्टचे. सप्टेंबरच्या अखेरीस कुणी देऊ केले तर ते बहुधा इथले नसतात. "आग्वा दे वालेन्सिया" संत्र्याच्या रसासारखं काचेच्या भांड्यात येतं म्हणून सासूबाईंसमोर सरबत म्हणून ठेवू नका, त्यात कावा (फेसाळ वाइन), जिन आणि वोडका असते. पिण्याचं पाणी मागाल तेव्हा "आग्वा देल ग्रीफो" म्हणा. 2022 च्या कायद्यानुसार नळाचं पाणी रेस्टॉरंटने फुकट द्यायचं असतं, चव मात्र जरा जड लागते. मेनू देल दिया सोडला तर ब्रेडचे वेगळे पैसे लागतात. टिप सक्तीची नाही, चांगलं वाटलं तर दोन-तीन युरो ठेवा. बिल मागितल्याशिवाय येत नाही, कारण जेवणानंतर बसून राहणं हा जेवणाचाच भाग आहे. तुम्हाला विसरलेत असं समजू नका.

आणि बुकिंग. चार दिवसांत भात दोनदाच ठेवा, एकदा एल पाल्मारला आणि एकदा किनाऱ्यावर. रविवारची दुपार सगळ्यात कठीण, तिच्यासाठी निघण्याआधी भारतातूनच टेबल धरा. रविवारी रात्री आणि सोमवारी बरीच चांगली ठिकाणं बंद असतात, ते पाहून दिवस ठरवा. टेबल धरतानाच कुठला भात, किती जणांचा हे सांगा, आणि सासूबाईंचा भाजीचा भात भाजीच्याच पाण्यात हवा हेही त्याच फोनवर सांगून ठेवा. दुपारी अडीचच्या गर्दीत टेबलावर बसून सांगितलंत तर स्वयंपाकघरात तो निरोप शेवटच्या हातापर्यंत पोचेलच असं नाही. आदल्या दिवशी सांगितलंत तर सकाळी आम्ही त्यांचं पॅन वेगळं काढून ठेवतो.